मागच्या सीटची जबानी

आर्वीत गुलाब ताकसांडेच्या दुकानात गाडी नेली की पहिला अर्धा तास गाडीला कोणी हात लावत नाही. गिऱ्हाईक घाईत असतं. ते बॉनेट उघडतं, बोट दाखवतं, "हे पाहा, इथून आवाज येते" म्हणतं. गुलाब शांतपणे बॉनेट लावतो, लोखंडी स्टूल पुढं सरकवतो आणि म्हणतो, "बसा. पयले सांगा." मग प्रश्न सुरू. गाडी सकाळी बंद पडली की दुपारी, चढावर की उतारावर, आदल्या दिवशी कुठं गेलता, गाडीत किती जण होते, कोण कुठं बसलं होतं. गावात याला 'गुलाबची जबानी' म्हणतात. ठाण्यात सुद्धा एवढं विचारत नाहीत, असं म्हणणारे बरेच आहेत, आणि त्यांचीच गाडी बिघडली की तेही मुकाट्यानं त्याच स्टुलावर येऊन बसतात.

मी मधुकरराव, त्या दुकानातला कायमचा बसणारा. छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पोरांवर ओरडून आवाज जो चढला, तो निवृत्तीनंतरही खाली आला नाही. शेवटी बायको म्हणाली, "दिवसभर माझ्या चुका काढण्यापेक्षा बाहेर जाऊन लोकांच्या काढा." एसटी डेपोच्या मागं गुलाबचं दुकान घरापासून जवळ होतं, म्हणून तिथं जाऊ लागलो. त्याची मुलगी मेघा माझ्या वर्गात होती, त्यामुळे तो मला 'सर' म्हणतो. मी त्याला गुलाबभाऊ म्हणतो. वर्गात असता तर त्याला मी पहिल्या बाकावर बसवलं असतं आणि रोज एकदा तरी त्याच्याशी भांडलो असतो.

एकदा एका मास्तराची जीप फक्त बाजाराच्या दिवशी बंद पडायची. दुसऱ्या दोन गॅरेजवाल्यांनी इंजिन खोलून ठेवलं होतं. गुलाबनं मास्तराला सोडलं आणि मास्तरीणबाईंना स्टुलावर बसवलं. बाई भाजीची पिशवी पुढच्या एका खुंटीला अडकवायच्या. पिशवी भरली की तिच्या वजनानं आतली एक तार ताणली जायची. एवढंच होतं. गुलाबनं खुंटी उपटून बाईंच्या हातात दिली. "जो चालवते त्याले गाडी अर्धीच माईत असते, सर," तो मला म्हणाला. "बाकीची अर्धी बसणाऱ्याले माईत असते."

त्याच्या बापानं छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली होती. गुलाब ते फक्त भिंतीवरच्या तसबिरीपुरतं मानणारा नव्हता. दुकानात आलेल्या गाडीला लिंबू-मिरची टांगलेली असली तर तो आधी ती काढून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. "भाजीत टाका," म्हणायचा. कोणी म्हणालं, ही गाडी माझ्या साळ्याला धार्जिणी नाही, तर गुलाबचा पारा चढायचा. "गाडीले माणूस कळत नाई. तिले पेट्रोल कळते, करंट कळते, हवा कळते." हे वाक्य त्याच्याकडून मी शंभर वेळा ऐकलं असेल. शंभरही वेळा मला ते पटलं.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत त्याच्या बायकोच्या, सीताबाईंच्या, पायांवर सूज आली. तपासण्या झाल्या आणि दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शनिवारी, वर्ध्याजवळ सावंगीच्या दवाखान्यात मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायचं ठरलं. तिथल्या लोकांनी जीव लावून सांभाळलं, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. तक्रार होती ती रस्त्याची. आर्वीपासून जायला पन्नास-साठ किलोमीटर आणि यायला तेवढेच. एसटीचे धक्के त्यांच्या हाडांना सोसत नव्हते. भाड्याच्या जीपमध्ये डिझेलचा वास आला की वाटेतलं आंजी गाव यायच्या आत उलटी व्हायची. "मशीनीचं मले कायी वाटत नाई," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, "हा रस्ताच जीव घेते."

म्हणून गुलाबनं ती गाडी आणली. नागपूरच्या एका डॉक्टरांच्या बंगल्यात ती कडुनिंबाखाली दोन वर्षं उभी होती. हायब्रीड गाडी. म्हणजे पेट्रोलचं इंजिनही असतं आणि चाकं फिरवणारी मोठी बॅटरीही असते. निघताना आणि हळू चालताना ती बॅटरीवर चालते, त्यामुळे ना आवाज, ना थरथर, ना वास. बॅटरी बसली होती आणि ती आख्खी बदला असं डॉक्टरांना सांगितलं गेलं होतं. ते कंटाळले आणि गाडी भंगाराच्या भावात गुलाबला मिळाली. ती ट्रकवर लादून आर्वीत आली तेव्हा मी म्हणालो, "गुलाबभाऊ, हे काय लोढणं आणलं गळ्यात?" तो गाडीभोवती हळूहळू फिरत होता. "लोढणं नोय सर. मेघाच्या मायची झोप आणली."

त्याचं ते काम पाहणं हे माझ्या निवृत्तीतलं सगळ्यात मोठं सुख होतं. मागची सीट काढली की तिच्या मागं ती बॅटरी, पुस्तकं उभी लावावीत तसे अठ्ठावीस तुकडे शेजारी शेजारी. रबरी हातमोजे घालून त्यानं नारिंगी तारा सोडवल्या. एकेका तुकड्याला हेडलाइटचा बल्ब जोडायचा, दोन मिनिटं जळू द्यायचा आणि व्होल्टेज किती पडलं ते वाचायचं. जो तुकडा लवकर मान टाकतो तो बाद. तो आकडा सांगायचा, मी वहीत लिहायचो. बाद तुकड्यांच्या बदल्यात तुकडे शोधायला त्यानं फोनवर दिल्लीचा एक भंगारवाला गाठला. अपघातात चेपलेल्या गाड्यांमधले चांगले तुकडे तो माणूस वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवायचा आणि ते खोकं नागपूरहून एसटीच्या पार्सलनं डेपोत उतरायचं. खोकं आलं की आम्ही दोघं म्हातारे लगबगीनं डेपोत जायचो.

बॅटरी गार ठेवण्यासाठी एक पंखा असतो. मागच्या सीटच्या कडेला, दाराजवळ, हाताच्या पंज्याएवढी जाळी असते, तिथून तो गाडीतली हवा ओढून घेतो. गुलाबनं तो पंखा पहिल्याच दिवशी खोलला, धुतला, फिरवून पाहिला. "याचा श्वास मोकळा पायजे," म्हणाला.

वहीला मी रकाने पाडले होते: तारीख, किती किलोमीटर, ऊन किती, कोणते तुकडे कमजोर, गाडीत कोण होतं, आणि शेवटी कारण. 'गाडीत कोण होतं' हा रकाना माझ्या डोक्यातला नव्हता. तो गुलाबच्या जबानीतूनच उचलला होता.

पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात सीताबाई पहिल्यांदा त्या गाडीत बसल्या. मीही पुढं बसलो होतो. घर सोडून बरंच झालं तरी त्या म्हणाल्या, "अवो, चालू करा ना आता." गुलाब म्हणाला, "खरांगणा आलं पाह्य बाहेर." त्या दिवशी उलटी झाली नाही. मशीनवरून परत येताना त्यांना हुडहुडी भरायची, कितीही ऊन असलं तरी. त्यांनी स्वतः शिवलेली एक गोधडी होती, जुन्या लुगड्यांची, मध्ये मेघाच्या शाळेच्या निळ्या गणवेशाचे तुकडे. ती मागच्या सीटभर अंथरायच्या, तिच्यातच गुरफटून आडव्या व्हायच्या आणि आर्वीपर्यंत झोपायच्या. गुलाब आरशातून पाहायचा आणि गाडी आणखी हळू करायचा. मागून बैलगाडीवाला सुद्धा हॉर्न मारेल, असं मी त्याला म्हणायचो.

अशाच एका खेपेला सीताबाई अर्धवट झोपेत म्हणाल्या, "अवो, हे गाडी माही गोधडी ओढून राह्यली."

"तिले बी थंडी वाजत असन," गुलाब म्हणाला. सीताबाई खुदकन हसल्या, गुलाब हसला, मीही हसलो.

मार्चमध्ये गाडी पहिल्यांदा बंद पडली. सावंगीहून परतताना, आंजीच्या पुढं, डॅशबोर्डवर धोक्याचे दिवे लागले आणि गाडीनं मानच टाकली. ट्रॅक्टरला बांधून आणावी लागली. गुलाबनं सीट काढून बल्ब लावले. मधले तीन तुकडे कमजोर निघाले. दिल्लीचे तुकडे बसवले, भर दुपारी एकटाच पुलगावला जाऊन आला, गाडी फुलासारखी चालली. दुसऱ्या दिवशी नागपूरला जाऊन आला. काही नाही. पण शनिवारी सीताबाईंना घेऊन गेला आणि येताना पुन्हा तेच. पुन्हा मधलेच तुकडे.

"दिल्लीचा माल खोटा हाये," गुलाब म्हणाला. दुसरा भंगारवाला शोधला. तारांचे जोड घासले, पट्ट्या बदलल्या, पंखा पुन्हा खोलला. जाळीत एक निळा दोरा अडकला होता, तो त्यानं चिमटीनं ओढून फेकला. पंखा तर फिरतच होता. मग त्यानं वर्ध्याच्या उन्हावर ठपका ठेवला, आणि आमच्याकडचं ऊन असं आहे की त्याच्यावर कोणताही ठपका शोभतो. एप्रिलमध्ये गाडी आणखी दोनदा बंद पडली. एकदा खरांगण्याच्या अलीकडं सीताबाईंना रस्त्याच्या कडेला बाभळीखाली गोधडी टाकून दोन तास बसावं लागलं. मशीनवरून नुकतंच उठलेलं माणूस, वर ती झळ. गुलाब एका हातानं फोनवर ट्रॅक्टर शोधत होता आणि दुसऱ्या हातानं त्यांच्यावर पुठ्ठ्यानं वारा घालत होता.

गल्लीतल्या बायका बोलायच्या थांबतात थोड्याच. गुलाब एकटा गेला की गाडी पळते आणि सीताबाई बसल्या की गाडी बसते, हे सगळ्यांना दिसत होतं. कोणी पायगुण म्हणालं, कोणी साडेसाती म्हणालं. एकीनं तर सीताबाईंच्या दारात उभं राहून त्यांना उतारा करायचा सल्ला दिला. गुलाबनं तिला हात जोडून परत पाठवलं आणि त्या दिवशी तो जेवला नाही.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी वही घेऊन दुकानात गेलो. रात्री आकडे जुळवले होते आणि माझ्या अंगात मास्तर संचारला होता. म्हणालो, "गुलाबभाऊ, पाहा. तुमी एकटे गेले तवा एक डाव बी गाडी बंद नाई पडली. चार डाव बंद पडली, चारी डाव वहिनी गाडीत होत्या."

तो पाना पुसत होता. पुसायचा थांबला. "सर, तुमी बी?"

"मी मोजमाप सांगून राह्यलो."

"माह्या बायकोचा पायगुण मोजता?"

"पायगुण कोण म्हणते? वहीत हाये ते वाचतो मी!"

"गाडीले माणूस कळत नाई," तो म्हणाला. त्यानं पाना खाली टाकला. "तुमीच शिकवलं ना माह्या पोरीले? मेघाच्या मायले गल्लीत बोलतात, दवाखान्यातून आली की लोकं खिडकीतून पाह्यतात, गाडी चालत आली का ओढत आली. अन् तुमी वही घेऊन आले. जा सर तुमी."

माझाही आवाज चढला. "तुमच्या डोक्याले गंज चढला गुलाबभाऊ, आधी तो घासा," असं म्हणून मी निघालो. मागं वळून पाहिलं तर तो लोखंडी स्टूल उचलून आत ठेवत होता.

पुढचा प्रश्न मला ठाऊक होता, हे आज मला सगळ्यात जास्त टोचतं. त्या बसल्या की गाडीत आणखी काय बदलतं? एवढंच विचारायचं होतं. दोन गोष्टी सोबत घडताना दिसल्या की तिसरी शोधा, हे मी छत्तीस वर्षं पोरांना छड्या मारून शिकवलं. गुलाबनं हेच मास्तरीणबाईंच्या पिशवीत शोधलं होतं. पण त्याला राग बायकोच्या प्रेमापोटी आला आणि मला माझ्या मानापोटी. मी वही कपाटावर फेकली आणि पंचवीस दिवस त्या रस्त्यानं गेलो नाही. भाजीसुद्धा लांबच्या बाजूनं आणली.

घरातल्या बातम्या बायकोकडून कळायच्या. पाचव्यांदा गाडी बंद पडल्यावर सीताबाईंनी त्या गाडीत बसायचं नाकारलं. माझ्या बायकोला म्हणाल्या, "बाई, माह्यानं गाडी बंद पडते. त्यायच्या हाताचं नाव खराब होऊन राह्यलं." बायको म्हणाली, "असं कुठं असते काय?" त्या म्हणाल्या, "मले बी पटत नोतं. पण पाच डाव पाह्यलं ना मी."

हे बायकोनं मला सांगितलं तेव्हा मी पेपर वाचत होतो. उठलो नाही. गुलाबनं आधी यावं, असं मला वाटत होतं.

गुलाबनं जीप ठरवली. सीताबाई एकदा गेल्या, जाता-येता उलट्या करून निपचित पडल्या. पुढच्या मंगळवारी त्यांनी खाटेचा खूर धरून ठेवला. "पुढच्या खेपेले जाऊ," म्हणाल्या. शनिवारीही तेच म्हणाल्या. त्यानं विनवलं, रागावला, मेघाला फोन लावून दिला. त्यानंतरच्या सोमवारी त्यांना श्वास घेता येईना. अॅम्ब्युलन्स आली, सावंगीला पोचल्या, तिथल्या लोकांनी दोन दिवस झटून पाहिलं. बुधवारी सकाळी सीताबाई गेल्या.

मी गेलो. न जाऊन कुठं जाणार होतो? साधी वंदना झाली, लोक शांतपणे पांगले. चंद्रपूरच्या बँकेत नोकरी करणारी मेघा बापाच्या शेजारी बसून होती. गुलाबनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. पण आठवड्यानं पुण्यानुमोदनाच्या दिवशी जेवणं आटोपल्यावर त्यानं माझा हात धरून मला बाजूला नेलं.

"सर, गाडी चालून राह्यली."

"म्हणजे?"

"कागदपत्रासाठी चार डाव वर्ध्याले गेलतो. सेहेचाळीस डिग्रीत. एक दिवा नाई लागला." त्याचे डोळे आत गेले होते. "मी जुनेच तुकडे ठेवले हायेत. कायी बदललं नाई. फक्त मेघाची माय नाई गाडीत." मग अगदी हळू, कोणी ऐकू नये असं म्हणाला, "सर, मंग बाया खऱ्या बोलत होत्या काय?"

साठीला आलेला हा माणूस, गाड्यांची लिंबं काढून लोकांना भाजीत टाकायला सांगणारा, आणि तो मला हे विचारत होता. मला रडू आलं. मी त्याचा हात दाबला.

दोन दिवसांनी मेघा परत निघाली. तिला वर्धा स्टेशनवर सोडायला गुलाब त्याच गाडीनं निघाला आणि वाटेत माझ्या दारात थांबला. "चला सर," म्हणाला. मी पुढं बसलो. मेघा मागं होती. तिनं आईची फक्त ती गोधडी सोबत घेतली होती. रात्रीची झोप झालेली नव्हती, पोरगी रडून थकली होती. ती गोधडी सीटभर पसरून तिच्यात तोंड खुपसून आईसारखीच आडवी झाली.

खरांगणा मागं पडलं आणि समोर दिवा लागला.

गुलाबचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. मी त्याच्याकडं पाहिलं नाही. मागून मेघा झोपेत म्हणाली, "बाबा, हे गाडी मायची गोधडी ओढून राह्यली."

त्यानं गाडी कडेला घेतली. उतरला, मागचं दार उघडलं आणि तापलेल्या डांबरावर गुडघे टेकले. गोधडीची कड सीटच्या बाजूच्या जाळीवर चपखल बसली होती, आतून ओढल्यासारखी. त्यानं ती ओढून काढली. जाळीत निळे दोरे अडकले होते. आतला पंखा मोकळा झाल्यावर मोठ्यानं घोंगावला. गुलाबनं जाळीवर तळवा धरला. मग गोधडीची कड हातानं पुन्हा जाळीजवळ नेली, आणि ती पटकन चिकटली. पुन्हा काढली. पुन्हा नेली. तीनदा त्यानं तसं केलं.

"काय झालं बाबा?" मेघा उठून बसली.

"कायी नाई बेटा. धागा अडकला होता. मांडीवर घेऊन बस तिले."

थोडा वेळ गाडी तशीच उभी ठेवली, मग पुढं निघालो. दिवा पुन्हा लागला नाही. स्टेशनवर मेघाला रेल्वेत बसवून दिलं. ती खिडकीतून "बाबा, जेवत जा" म्हणाली, आणि त्यानं मान हलवली.

येताना आंजी आलं. मग गुलाब रस्त्याकडंच पाहत म्हणाला, "मले माईत होतं सर. जाळी कुठं हाये, काय कामाची हाये, मले माईत होतं. मी एकटा गाडी पाह्याले जाऊ तवा मांग गोधडी नसे. सीट काढू तवा पयले गोधडी घडी करून घरात ठेवू. तिची शिवलेली, तेल लागीन म्हणून."

"गुलाबभाऊ..."

"तिनं सांगतलं होतं. तुमच्यासमोर सांगतलं होतं. मी काय म्हणलं? गाडीले थंडी वाजत असन." तो थांबला. "आर्वीतल्या साऱ्यायची जबानी घेतली म्या. मांग बसणारी ते एकटीच होती. तिले एक डाव स्टुलावर बसवलं असतं..."

"मी बी हसलोच होतो," मी म्हणालो. "आन मंग वही घेऊन घरी गेलो. रागात. पुढचं इचारलंच नाई."

"तुमी दाखवलं होतं सर. मी आयकलं नाई."

यावर आम्ही दोघंही आणखी काही बोललो असतो तर एकमेकांना माफच करत बसलो असतो, आणि माफी द्यायचा हक्क आमच्यापैकी कोणाचाच नव्हता. ती वही मी त्यानंतर कपाटावरून काढली. कारणाचा रकाना अजून कोरा आहे. 'हवा बंद' असं लिहायला दोनदा बसलो आणि दोनदा पेन ठेवून दिलं.

त्या दिवशी आर्वीत पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. गुलाबनं गाडी स्वतःच्या अंगणात लावली. मी उतरून फाटकाशी आलो, वळून पाहिलं तर तो घरात गेला नव्हता. मागचं दार उघडून तो मागच्या सीटवर, सीताबाईंच्या जागी, जाऊन बसला होता. एक हात जाळीवर होता.

"मेघाचे माय," तो म्हणाला, "आयकून राह्यली का व? गाडीले हवा भेटत नोती. गोधडी आडवी येत होती, बस. तुह्यानं नाई व बंद पडली."

फाटकावरचा माझा हात तिथंच राहिला. आमच्या चाहुलीनं समोरच्या दोन-तीन दारांत बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. गुलाबनं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं, आणि त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता एवढ्या मोठ्या आवाजात तो पुन्हा म्हणाला, "तुह्यानं नाई बंद पडली!"